समुद्र समितीचे विदर्भ सदस्य

अमरावतीहून समुद्र किती लांब आहे, हे आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात कुणी कधी मोजलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि बहुतेक वेळा येत नाही ते. तरीही किनाऱ्यालगतच्या समुद्राचा वापर पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असा कसा करावा, याची माहिती गोळा करायला मुंबईत एक समिती नेमली गेली आणि तिच्यावर आमचे विभागप्रमुख खोडे सर सदस्य म्हणून गेले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. राज्याची कुठलीही समिती म्हटली की तिच्यात विदर्भाचा एक माणूस लागतो. तो नसला तर अनुशेष वाढतो, अग्रलेख येतात, अधिवेशनात आरडाओरड होते. रस्त्यांचा आणि धरणांचा अनुशेष भरायचा तर पैसा लागतो. समितीतल्या खुर्चीचा अनुशेष भरायला एक प्राध्यापक पुरतो. वऱ्हाडाचा समुद्राच्या बाबतीतला अनुशेष असा खोडे सरांच्या रूपाने एका झटक्यात भरून निघाला.

तो काळच समित्यांचा होता. शेतीचं वाटोळं झालेलं होतं आणि ते कसं झालं हे शोधायला मुंबई-दिल्लीहून गाड्या भरभरून माणसं येत होती. अमरावतीच्या बऱ्या हॉटेलांत खोली मिळत नसे. कापसाचं झाड किती उंच होतं हे ठाऊक नसलेले लोक कापसावर प्रश्न विचारत, उत्तरं लिहून घेत, वरूडची संत्री पेटीत भरून घेत आणि जात. माझ्यासारख्या नव्या अधिव्याख्यात्यांना त्यांच्यासोबत दुभाषे म्हणून पाठवत. मराठीतून मराठीत भाषांतर करायचं काम होतं ते.

खोडे सरांचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. सर अंगाने आडवे, मान आखूड, बाराही महिने बदामी रंगाचा सफारी. खिशाला तीन पेनं आणि त्यांतलं एकही न चालणारं, त्यामुळे सही करायची वेळ आली की समोरच्याच्या खिशात हात घालायचे. वर्गात ते वऱ्हाडीत शिकवत. "पोट्टेहो, मान्सून म्हंजे काय? समुद्रावरचं वारं तापलेल्या जमिनीकडे पाहुनं येते. आपल्यापरेंत येता येता त्याच्या पिशवीत काही उरत नाही, इतकीच गंमत हाये," असं सांगून ते अर्धा तास पिशवीवर बोलत. पोरं त्यांच्या तासाला बाकं अडवायला लवकर येत. पुस्तकी, शुद्ध मराठी सरांना उत्तम यायची, पण ती ते फक्त संतापले की काढत. सर कुणाला "बह्याडा", म्हणजे वेड्या, म्हणाले तर तो त्यांचा लाडका समजावा. "आपण कृपया बाहेर जाल का?" असं म्हणाले तर त्या पोराने त्या वर्षापुरता भूगोल सोडून द्यावा.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी काही सांगायला गेलं, मग ती चक्रीवादळाची व्याख्या असो की प्राचार्यांच्या बदलीची बातमी, सर एक डोळा बारीक करून विचारत, "तू सोताच्या डोयानं पाह्यलं का?" या प्रश्नाने स्टाफरूममधल्या निम्म्या गप्पा जागीच मरत. त्यामुळे काही सहकाऱ्यांचं सरांशी फारसं पटत नसे.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांनी हाच प्रश्न त्यांच्यावर उलटवला.

"खोडे, तुम्ही समुद्र पाहिलाय का हो कधी?"

"पाह्यला ना. नकाशात."

"मग नाही म्हणून कळवा. हसं होईल आपलं."

"काहून हसं होईन?" सर म्हणाले. "कापूस न पाह्यलेले लोक आपल्याकडे येऊन राह्यले, आपुन त्याइले चहा पाजून राह्यलो. मंग समुद्र न पाह्यलेला एक मानूस तिकडे गेला त काय बिघडते? आपलाबी चहा पेऊ द्या ना त्याइले."

सर गेले. परत आले तेव्हा आम्ही सगळे स्टाफरूममध्ये त्यांच्याभोवती जमलो. समुद्र कसा वाटला, हे पन्नाशी उलटलेल्या भूगोलाच्या प्राध्यापकाला विचारायची संधी वारंवार येत नाही.

"पानी चाखून पाह्यलं," सर म्हणाले. "आमच्या इहिरीपेक्षा जरासंक जास्त खारं हाये. बाकी काही फरक नाही. फक्त त्याच्यात हालचाल लय."

पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी त्यांचं स्वागत मोठं रसाळ केलं होतं. अध्यक्ष म्हणजे निवृत्तीनंतर नवव्या की दहाव्या समितीचं अध्यक्षपद भूषवणारे, पांढऱ्या केसांचे, अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. "आपण दर्यापूरचे. म्हणजे दर्याशी आपलं नातं जुनंच!" असं ते म्हणाले आणि सगळी समिती हसली. सरही हसले. मग समितीने सदस्यांना किनारा वाटून दिला. प्रत्येकाने आपापल्या वाट्याच्या वस्त्यांत जाऊन छापील प्रश्न विचारायचे आणि पाण्याचा कोण, कसा, किती वापर करतो ती माहिती आणायची. सरांच्या वाट्याला कोकणातला एक छोटा कोळीवाडा आला. मोठी बंदरं ज्येष्ठ सदस्यांकडे गेली होती, कारण मोठ्या बंदरांत मोठी विश्रामगृहं असतात.

इथे सरांच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. शंकरभाऊ गावी शेती करत. त्या वर्षांत त्यांच्या ओट्यावर इतक्या समित्या चहा पिऊन गेल्या होत्या की त्यांनी एक शास्त्रच बनवलं होतं. गाडी थांबली, साहेब उतरले, की शंकरभाऊ आधी विचारत, "सायेब, तुमी गाईवाले का इहिरीवाले?" साहेब गाई वाटणाऱ्या खात्याचा निघाला तर शंकरभाऊंचं घर पिढ्यान्पिढ्या दुधासाठी आसुसलेलं असे. विहिरींचा निघाला तर गाईचं नाव नाही, गळा पाण्यासाठी सुकलेला. नुसतीच माहिती घ्यायला आलेला असला तर शंकरभाऊ फार थकलेले असत आणि त्यांना काही आठवत नसे. अख्खा गाव याच पद्धतीने उत्तरं देई. त्या उत्तरांचे तक्ते पुढे दिल्लीला जात आणि त्यांवर फार गंभीर चर्चा होत.

तर खोडे सर छापील प्रश्न घेऊन कोळीवाड्यात गेले. एका होडीच्या सावलीत जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्यापुढे त्यांनी बैठक मारली आणि पहिला प्रश्न विचारला. म्हाताऱ्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही जेटीवाले का डिझेलवाले?"

हे सांगताना सर स्टाफरूममध्ये इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लेकहो, आमचा शंकऱ्या बसला होता तथी! सोता शंकऱ्या! फक्त धोतराच्या ठिकानी रुमाल होता." सरांनी कागद घडी करून खिशात ठेवले ते पुन्हा काढले नाहीत. शंकरभाऊ देत होते तसली माहिती भरून नेण्यात अर्थ नव्हता. ते दिवसभर त्या वाळूत नुसते बसून राहिले. जाळी पाहिली, होड्या निघताना पाहिल्या. संध्याकाळी बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालणाऱ्या हिराबाई नावाच्या बाईंना त्यांनी विचारलं, एवढा माल खातं कोण? हिराबाई म्हणाल्या, तुमच्याच तिकडे जातो, अकोल्याला. तिथून परतवाड्याचा रफीक नेतो.

सरांनी या क्षणाचं वर्णन पुढे कितीतरी वेळा केलं. समुद्राच्या काठावर उभं असताना परतवाड्याचं नाव ऐकून त्यांना इतकं भरून आलं होतं की ते बोंबलाच्या मांडवाखाली रडायचेच राहिले होते.

मग सरांनी जे केलं ते जगातल्या कुठल्याही समुद्रशास्त्रज्ञाने केलं नसेल. त्यांनी समुद्राचा अभ्यास परतवाड्याला बसून करायचं ठरवलं. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ते एस.टी.ने परतवाड्याला जात आणि रफीकभाईंच्या सुक्या मासळीच्या दुकानात बसत. मेळघाटातले लोक तिथून वर्षाची सुकट, बोंबील घेऊन जात. रफीकभाई हा माणूस बढाईखोर होता. अरबी समुद्रातला प्रत्येक मासा आपल्याला नावानिशी ओळखतो असं त्यांना मनापासून वाटे. स्वतः ते अकोल्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

"सर, झूट बोललो त जबान कापून टाका," रफीकभाई म्हणत. "पहिले बोंबील असा याचा," आणि हात कोपरापर्यंत दाखवत. "आता पाहा. पोट्ट्याच्या बोटायेवढा. समंदर बुढ्ढा होऊन राह्यला, सर."

"तुमी सोता पाह्यला का समंदर?"

"मैंने बोंबील देखा ना! लेकराले पाह्यलं की माय समजते."

सर रफीकभाईंचं अर्धं सोडून देत आणि उरलेल्या अर्ध्यासाठी शाळेतल्या पोराची लाकडी पट्टी घेऊन बोंबील मोजत. मासळी लहान होत चालली आहे, म्हणजे जाळ्याची भोकं बारीक झाली आहेत, म्हणजे मोठ्या बोटी पिल्लंसुद्धा उपसून नेत आहेत, असं ते एकेक पायरी घेत समुद्रात उतरत. नमुने जपायला हवे होते. पण सरांचं घर शाकाहारी, गुरुकुंज मोझरीच्या वळणाचं. सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रार्थना होणाऱ्या त्या घरात बोंबील नेला असता तर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सरांनाच बाहेर वाळत घातलं असतं. म्हणून नमुन्यांच्या पुड्या विभागातल्या कपाटात आल्या. पृथ्वीचे गोल, खडकांचे तुकडे आणि बोंबील. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, आणि त्या वर्षभर माझ्याजवळ बसून कुणी डबा खाल्ला नाही.

मे महिन्यात वास प्राचार्यांच्या खोलीपर्यंत पोचला. ते नाकाला रुमाल लावून आले. "खोडे, हे काय आहे?"

"सायेब, अरबी समुद्र हाये," सर म्हणाले. "विदर्भाच्या वाट्याचा."

प्राचार्यांनी मागवलेलं लेखी स्पष्टीकरण सरांनी समितीच्या कामात जोडून दिलं. समितीने सरांच्या गुरुवारच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च मंजूर केला नाही, कारण परतवाडा हे ठिकाण त्यांच्या किनारपट्टीच्या यादीत नव्हतं.

इथवर सगळी गंमतच होती. आम्ही सरांना "कप्तान" म्हणू लागलो होतो. मग पावसाळ्यानंतर समितीचा कच्चा नकाशा आला आणि गंमत संपली.

नकाशा सुंदर होता. किनाऱ्यालगतचं सगळं पाणी रंगांत वाटलेलं. हे मासेमारीचं, हे बंदराचं, हे पर्यटनाचं. सरांच्या कोळीवाड्यासमोरचं पाणी मात्र फिक्या निळ्या रंगात होतं आणि खाली त्या रंगाचा अर्थ दिला होता, "सध्या वापरात नसलेले". त्या रिकाम्या पाण्यात एक मोठी जेटी बसवायचं कुणाच्या तरी मनात होतं हे समितीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पाणी रिकामं ठरलं की जेटीला अडचण उरत नव्हती. त्या वाडीच्या होड्या मोठ्या बंदरात नोंदलेल्या नव्हत्या, त्यांची मासळी लिलावात जात नव्हती, म्हणून कागदाच्या मते तिथे कुणी मासेच धरत नव्हतं.

सरांनी त्या फिक्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "ओयखलं का? ई-क्लास हाये हे."

वऱ्हाडात हे समजावून सांगावं लागत नाही. ई-क्लास म्हणजे गावाशेजारची सरकारी पडीक जमीन. कागदावर रिकामी. प्रत्यक्षात तिच्यावर गावाची गुरं चरतात, बाया गोवऱ्या थापतात, लग्नाचे मांडव पडतात, भूमिहीनाची शेळी जगते. सरांच्या गावची ई-क्लास जमीन अशीच एका साहेबाने येऊन पाहिली होती. दुपारची वेळ होती, गुरं नदीवर गेली होती. साहेबाने लिहिलं, रिकामी. पुढे तिच्याभोवती तारेचं कुंपण पडलं. आत काही उभं राहिलं नाही. गावाची गुरं मात्र त्या वर्षी बाजारात गेली.

"पन वावर पडीक हाये का वाहीत, हे कसं ओयखतेत?" सरांनी मला विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर देऊ लागलो. त्यांनी हात केला. "अरे बह्याडा, नाव विचारा लागते. आमच्या गावात एक वावर बिननावाचं नाही. आंब्याचं वावर, खारी, भुताचं, आत्याबाईचं. जे वापरात असते त्याले मानूस नाव ठेवते. त्या पान्याले नावं असनच."

दुसऱ्याच गुरुवारी सर मला घेऊन परतवाड्याला गेले. कोळीवाड्याचा फोन नंबर फक्त रफीकभाईंकडे होता. दुकान बाजाराच्या गर्दीत, फोनवर नीट ऐकू येत नव्हतं. पलीकडे हिराबाई. त्या स्वतः समुद्रात जात नसत, त्यामुळे त्या मागे वळून नवऱ्याला विचारणार, नवरा अंगणातून ओरडणार, आणि त्यांचं बोलणं सरांना कळेना, सरांचं त्यांना. मध्ये दुभाषा रफीकभाई, ज्यांना दोन्हींतलं निम्मं कळत होतं आणि उरलेलं ते घरचं घालत.

"त्याइले म्हना, तुमच्या समोरच्या पान्याले नावं काय काय हायेत?"

"बाई, सर पूछ रहे, पानी का नाम क्या?"

पलीकडून मोठा आवाज आला. रफीकभाईंनी फोन कानापासून लांब धरला. "म्हनते, पानीच! दुसरं काय नाव असते?"

सरांनी फोन हिसकावला. "हिराबाई, मी खोडे! अमरावतीचा! बोंबलाच्या मांडवाखाली बसलो होतो तो! तुमचे मालक होडी घेऊन निंगतेत, त तुमाले काय सांगून जातेत? कुठी चाल्लो म्हून सांगतेत?"

मग मात्र धबधबा सुरू झाला. म्हातारीची खाच. तांबडा खडक. दोन माडांची. जावयाची. दर्ग्याच्या खालची. उपाशी, म्हणजे जिथे काही मिळत नाही ती. जावयाची का म्हणतात, तर कुणा एका जावयाला पहिल्याच दिवशी तिथे जाळं भरून मासे मिळाले म्हणून. मागून नवरा ओरडून दुरुस्त करत होता, शेजारच्या बाया भर घालत होत्या. सर नावं मोठ्याने म्हणत आणि मी नकाशावर लिहीत होतो. दुकानात सुकट घ्यायला आलेला एक कोरकू म्हातारा सगळं ऐकत उभा होता. कोंबड्यांच्या मोठ्या झुंजीची बातमी असावी तसा तो रंगला होता.

शेवटी हिराबाईंनी विचारलं, हे सगळं कशाला हवं? सरांनी खरं सांगितलं.  मग हिराबाईंचा आवाज आला, साफ ऐकू आला. "आमचं पानी रिकामं कोन बोलला?"

"कोनीबी बोलो," सर म्हणाले. "मी बसलो हावो ना समितीत. रिकामं लेहू देत नाही. शब्द हाये माहा."

रफीकभाईंनी त्या दिवशी आम्हाला चहा पाजला आणि समुद्र आपल्या दुकानातून कसा वाचला हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लगेच सुरुवात केली.

समितीची शेवटची बैठक चिखलदऱ्याला झाली. किनाऱ्याच्या समितीची बैठक सातपुड्याच्या डोंगरावर का, असा प्रश्न कोत्या मनाचेच लोक विचारतील. प्रादेशिक समतोल साधायचा होता, आणि मुंबईत तेव्हा फार उकडत होतं. सरांनी नकाशा धरायला मला सोबत घेतलं. अमरावतीहून गाड्या निघाल्या. वाटेत परतवाडा लागतं. सरांनी आग्रह करून रफीकभाईंच्या दुकानासमोर गाड्या थांबवल्या आणि सदस्यांनी पाच मिनिटं उतरावं अशी विनंती केली. सदस्यांनी काचा वर केल्या. रफीकभाई काचेला पट्टी लावून बोंबील दाखवत होते आणि आतून अध्यक्ष हात जोडून, फार सौजन्याने, नको नको म्हणत होते. त्यांना वाटलं विकायला आणलाय.

बैठकीत सरांनी नकाशा पसरला आणि एकेक नाव वाचून दाखवलं. जेवायची वेळ झाली होती. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फारच रंजक," ते म्हणाले. "पण खोडेसाहेब, नावं काय, चंद्रावरच्या खड्ड्यांनाही आहेत. म्हणून ते वापरात आहेत असं होत नाही."

समिती हसली. सर उठून उभे राहिले.

"महोदय," ते म्हणाले, आणि ती शुद्ध मराठी ऐकताच मी नकाशा गुंडाळायला घेतला. "चंद्रावर जाळं टाकून कुणी आपली मुलं वाढवलेली नाहीत. या पाण्याच्या तुकड्या-तुकड्याला जी नावं आहेत ती तिथे रोज जाणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत. आपण त्या ठिकाणी एकदाही गेलेला नाहीत. आपल्याला जे दिसलं नाही ते नाहीच, असं लिहिण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे मला कृपया सांगावं."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "वा! आपण इतकं छान शुद्ध बोलता! मग एवढे दिवस का बोलला नाहीत?"

सरांनी कागदावर सही केली नाही. समोरच्याच्या खिशातलं पेनसुद्धा मागितलं नाही. ते बाहेर गेले आणि विश्रामगृहाच्या दगडी कठड्यावर दरीकडे पाठ करून बसले. समिती जेवली. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला गेले, म्हणजे तो तेवढा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

अहवाल छापून आला तो महाविद्यालयाच्या पत्त्यावर. गुळगुळीत कागद, वजनदार. मी आधी नकाशा उघडला. कोळीवाड्यासमोर तोच फिका निळा रंग. नावं कुठे गेली म्हणून शोधली तर शेवटच्या परिशिष्टात सापडली. म्हातारीची खाच, तांबडा खडक, जावयाची, सगळी. वर मथळा होता, "किनारपट्टीवरील लोकसंस्कृतीची काही मनोरंजक उदाहरणे". सह्यांच्या पानावर सगळ्यांच्या सह्या होत्या. सरांच्या नावापुढे छापलं होतं, "चिखलदरा येथील बैठकीस अनुपस्थित".

माझा इतका संताप झाला की मी तो अहवाल टेबलावर आपटला. स्वतःच्या जिल्ह्यातल्या बैठकीला माणूस हजर असतो, सगळ्यांदेखत उभा राहून बोलतो, आणि तो तिथे नव्हताच असं छापून येतं. सर शांत होते. त्यांनी अहवाल चाळला, परिशिष्ट वाचलं, आणि विचारलं, "हिराबाईले कोनी कयवलं असन का?"

"सर, कोण कळवणार? फोन करा रफीकभाईंच्या इथून."

"फोनवर?" सरांनी अहवाल मिटून माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मयताचा निरोप फोनवर देत नाहीत. माणूस जातो, दारात उभा राहतो, सांगतो, आणि मगच पाणी पितो. हे मलाही माहीत होतं. समितीच्या अहवालालाही तोच नियम लागतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

प्राचार्यांनी रजा दिली. प्रवासखर्चाचा प्रश्नच नव्हता, कारण समिती विसर्जित झाली होती आणि सर तर तिच्यात हजरही नव्हते.

मी त्यांना बडनेऱ्याला सोडायला गेलो. स्टेशनवर नेहमीसारखीच गर्दी होती. त्यात मुंबईहून आलेलं एक पथकही उतरत होतं, गळ्यात ओळखपत्रं, हातात छापील प्रश्नांचे गठ्ठे. त्यांना न्यायला जीप आली होती. मला एकदम जाणवलं की एवढी वर्षं इतके लोक आमच्याकडे आले, आमची माहिती भरून घेऊन गेले, पण तिचं पुढे काय केलं हे सांगायला त्यांतला एकही माणूस कधी परत आला नाही. शंकरभाऊंच्या ओट्यावर कुणी दुसऱ्यांदा चहा प्यायला नाही.

सरांना आरक्षण मिळालं नव्हतं. साध्या डब्याच्या दारात मिळेल तेवढी जागा धरून ते उभे राहिले. काकूंनी दिलेला डबा एका हातात, अहवाल काखेत. मी म्हणालो, "सर, तिथे गेल्यावर ते लोक काही वाईट बोलले तर?"

"बोलू दे ना. बोलाले त कोनी पाह्यजे त्याइच्या समोर."

गाडी हलली. मी थोडा बरोबर चालत गेलो, पण सरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते पुटपुटत होते. एकदा म्हणत, मान हलवत, पुन्हा पहिल्यापासून म्हणत. आधी मला वाटलं प्रार्थना चालली आहे. मग डबा अगदी जवळून गेला तेव्हा ऐकू आलं. "हिराबाई, माह्याच्यानं झालं नाही," एवढं एकच वाक्य ते पाठ करत होते, आणि दर वेळी शेवटाशी येऊन अडत होते.